पेन्सिलींची सभा

आमच्या मंडळाची सभा बाहेरून पाहणाऱ्याला परीक्षेसारखी वाटायची. महिन्यातल्या एका रविवारची सकाळ, अंधेरीतल्या एका शाळेचा वर्ग, मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं आणि सगळ्यांच्या माना खाली. समोर फळ्यापाशी एकच माणूस बोलतोय आणि बाकीचे लिहितायत. शाळेचा शिपाई पहिल्यांदा डोकावला तेव्हा चपला काढून, पावलं न वाजवता परत गेला होता.

आम्ही सगळे स्टेनो होतो. आठवडाभर फोर्टातल्या ऑफिसांत साहेब सांगतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, टाइप करायचं आणि सहीला ठेवायचं, हा आमचा धंदा. पन्नासच्या दशकात उपनगरांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. कुठे जागा निघाली आहे, कुठला साहेब फार भरभर बोलतो, वेगाची परीक्षा कधी आहे, असल्या गोष्टींसाठी. मी त्याचा चिटणीस होतो. तोही कर्तबगारीने झालो नव्हतो. आधीच्या चिटणिसांची नागपूरला बदली झाली, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "कोण तयार आहे?" सगळ्यांनी तो प्रश्न लिहून घेतला. मी नेमका पेन्सिलीला टोक करायला मान वर काढली, आणि अध्यक्ष म्हणाले, "शाब्बास."

सभेत प्रत्येकाने सगळं लिहून घ्यावं असा नियम नव्हता. पण आमच्यासमोर कोणी सलग बोलू लागलं की हात राहत नसे. आमचे खजिनदार माझे मित्र, जोगेश्वरीला राहायचे. ते म्हणत, "अरे, बायको भांडायला लागली ना, की माझं बोट मांडीवर आपोआप चालायला लागतं. मग ती आणखी भडकते."

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. चांगला स्टेनो लिहीत असतो तेव्हा त्याला काही कळत नसतं. कानातून आलेलं बोटांतून बाहेर पडतं, वाटेत डोकं लागत नाही. अर्थ कळतो तो नंतर, टाइप करताना. ऑफिसात याने काही बिघडत नाही. संस्थेत बिघडतं. अध्यक्ष एखादी सूचना मांडायचे आणि विचारायचे, "कुणाला काही म्हणायचंय?" आम्ही तेही लिहून घ्यायचो. ते लिहून होईपर्यंत अध्यक्ष म्हणत, "नाही ना? मग एकमताने मंजूर." आणि मी घरी जाऊन टाइप करायचो: सखोल चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर झाला. हे शब्द मला आधीच्या चिटणिसांकडून वारशाने मिळाले होते. तरी ते टाइप करताना दर वेळी मनाला टोचायचं. मला टोचायला फार काही लागत नाही. बसमध्ये कुणाचा पाय माझ्या पायावर पडला तर मीच 'माफ करा' म्हणतो.

अध्यक्ष माणूस मोठा होता. एका विलायती कंपनीच्या सर्वांत वरच्या साहेबाचे खासगी स्टेनो. आठवडाभर ते खुर्चीवर बसून लिहायचे आणि साहेब फेऱ्या मारायचा. रविवारी हे फेऱ्या मारायचे. फळ्यापासून खिडकीपर्यंत, अंगठा कोटाच्या खिशात, खिडकीशी थांबून बाहेर बघत एक वाक्य, परत येताना दुसरं. मध्येच "नो, नो, स्ट्राइक दॅट," म्हणायचे, अगदी त्यांच्या साहेबासारखं. आम्हाला त्याचं हसू येत नसे. आमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या नोकऱ्या त्यांच्या शब्दाने लागलेल्या. माझीही.

शेजारच्या छोट्या खोलीत, लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे, त्याच वेळी बाईंचा वर्ग चाले. बाई एका विमा कंपनीत स्टेनो, मंडळातली एकमेव स्त्री सभासद. मॅट्रिक झालेल्या मुलींना त्या रविवारी लघुलेखन शिकवायच्या, त्यामुळे सभेला त्यांना कधी येताच यायचं नाही. भिंतीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा: "डिअर सर, वुई बेग टू इन्फॉर्म यू..." एकदा आमच्या इतिवृत्तात वार्षिक सहलीच्या मधोमध कापसाच्या गासड्या आल्या होत्या, त्या तिकडच्या. बाईंच्या वर्गात एकच कडक नियम होता. वाचून दाखवल्याशिवाय डिक्टेशन पुरं होत नाही. लिहून झालं की कुणीतरी उठून ते वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं. आम्ही जुने लोक हे विसरलो होतो.

त्या वर्गात माझी धाकटी बहीण जायची. दिवाळीनंतर तिची वेगाची परीक्षा होती. मामाने कोकणातलं एक स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला होता, पण बहिणीला आधी नोकरी करायची होती. वडिलांनी बरीच घासाघीस करून कबूल केलं होतं, की परीक्षेपर्यंत थांबू. पास झालीस तर नोकरी, नाहीतर मामाला होकार. त्यामुळे ती भाजी निवडतानाही तोंडाने कंपन्यांची पत्रं पुटपुटायची.

असं सगळं चाललं असताना एका रविवारच्या सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले. नेहमीपेक्षा थोडं जास्त बोलले, खिडकीपाशी जास्त वेळ थांबले. आम्ही नेहमीसारखं उतरवून घेतलं. "कुणाला काही म्हणायचंय? नाही ना? मग एकमताने." पलीकडे बाईंचा आवाज चालूच होता. मग चहा झाला, ग्लुकोजची बिस्किटं झाली आणि आम्ही घरी गेलो.

संध्याकाळी मी इतिवृत्त टाइप करायला बसलो. बहीण शेजारी कंदिलाची काच पुसत होती. टाइप करता करता माझी बोटं थांबली. मी मागचं वाक्य पुन्हा वाचलं. तोवर तिनेही मागून वाचलं होतं.

"दादा, हे काय आहे?"

"ठराव."

"कसला?"

"तुमचा वर्ग दिवाळीपासून बंद."

"कोणी केला?"

"मंडळाने. एकमताने."

"तू नव्हतास?"

"होतो ना."

"मग काय करत होतास?"

"लिहीत होतो."

तिने काच खाली ठेवली. "आणि सखोल चर्चेनंतर म्हणजे काय रे? कोण काय म्हणालं?"

"कोणी काही नाही."

"मग खोल काय होतं? शाळेची विहीर?"

आतून आई म्हणाली, "वर्गच नाही तर परीक्षा कसली? मामाला पत्र टाकायला सांगू का ह्यांना?" बहिणीने काच पुन्हा उचलली. ती काच पुसत राहिली, अगदी स्वच्छ झालेली काच.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर खजिनदारांना इराण्याकडे गाठलं. त्यांचा चेहराही पडलेला.

"वाट लागली यार," ते म्हणाले. "माझी मेहुणी त्याच वर्गात आहे. रात्री वही वाचली तेव्हा कळलं आपण काय करून बसलोय. बायको जेवायला वाढते, पण बोलत नाही."

"तुम्ही पुढच्या सभेत बोला ना."

"मी? चिटणीस तू."

"पण मला नोकरी त्यांनीच..."

"मला काय त्यांच्या साहेबाच्या आईने लावली?" ते म्हणाले. "बरं, आपण दोघं मिळून बोलू. काय बोलायचं ते सांग." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

आम्ही दोघं त्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. मग त्यांनी ती परत खिशात घातली आणि आणखी एक मस्का पाव मागवला.

मला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. वर्सोव्याच्या रस्त्याला एका बैठ्या चाळीत त्या आईबरोबर राहायच्या. वारा खाडीकडून होता आणि सगळ्या चाळीला सुक्या मासळीचा वास होता. बाई उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होत्या.

"कोण इलो गो?" आतून त्यांच्या आईने विचारलं.

"मंडळाचे चिटणीस," बाई म्हणाल्या.

"चाय टाकतंय मगे."

मी वाटेत ठरवून आलेलं वाक्य म्हणून टाकलं. "बाई, मी तुमची माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"ठरावाची."

"तुम्ही मांडलात?"

"नाही. लिहिला."

"लिहिणाऱ्याने माफी मागायची म्हटली तर आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना रोज संध्याकाळी देवळात रांग लावावी लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी एक खडा अंगणात टाकला. "माफीचं मी काय करू? मुलींना सांगू, चिटणिसांना वाईट वाटलंय, आता घरी बसा?"

मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"पुढच्या सभेत बोलाल?"

"प्रयत्न करीन."

"आत्ता बोला. मी अध्यक्ष आहे असं समजा." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि अंगठा पदराच्या काठात खोवून खरंच दोन पावलं टाकली, खिडकीच्या दिशेने. हुबेहूब.

मी उभा राहिलो. "अध्यक्षसाहेब," म्हणालो, आणि पुढे काही सुचलं नाही. बाई मला सांगू लागल्या, की असं म्हणा, मग तसं म्हणा, मुलींची परीक्षा तोंडावर आहे, पालकांना शब्द दिलाय. एकाएकी त्या थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघायला लागल्या. माझं बोट मांडीवर चालत होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. दुकानात एखादी वस्तू नाही म्हटल्यावर माणूस दुसरी मागतो, तसा आवाज होता. "भाषण तुमच्याच्याने व्हायचं नाही. तुमचा साहेब रागाच्या भरात एखादं पत्र सांगतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"घेतो लिहून."

"मग?"

"चहा येऊ देतो. चहा झाला की विचारतो, साहेब, वाचून दाखवू का?"

"मग?"

"साहेब स्वतःच अर्ध्याहून जास्त खोडतात."

हे प्रत्येक स्टेनोला येतं. साहेबाला 'हे बरोबर नाही' म्हणायचं नसतं. त्याचेच शब्द, त्याच क्रमाने, सपाट आवाजात त्याला ऐकवायचे. जोर द्यायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बाकीचं साहेबाचे कान करतात. किती भांडणं, किती बडतर्फ्या आमच्या धंद्याने अशा वाचवल्या आहेत त्याची कुठे नोंद नाही.

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जे येतं ते करा. आता चहा घ्या आणि घरी जा. जाताना दार ओढून घ्या, मांजर येते."

पुढच्या महिन्याच्या सभेत पहिलाच विषय नेहमीप्रमाणे होता: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी शिपायाला सांगून चहा आधीच आणवला. अध्यक्ष घड्याळ काढून म्हणाले, "आज चहा सुरुवातीलाच?"

"हो साहेब. सकाळी जरा गारठा होता."

गारठा नव्हता. थंडी अजून लांब होती आणि घाम येत होता. खजिनदारांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या खोलीत ही युक्ती माहीत नसलेला एकही माणूस नाही. आणि मग हेही लक्षात आलं, की अध्यक्षांनाही ती माहीत आहे. आमच्या सगळ्यांहून चांगली. ते ती रोज करतात.

पलीकडच्या खोलीत त्या दिवशी बाईंचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता.

मी कप खाली ठेवला. टाइप केलेलं इतिवृत्त घडी करून खिशात घातलं आणि लघुलिपीची वही उघडली. "साहेब, मागच्या सभेतलं आपलं बोलणं... वाचून दाखवू का?"

अध्यक्षांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं, संपलं, उद्या नोकरी शोधायची. पण या प्रश्नाला 'नको' म्हणणारा साहेब मी आजवर पाहिला नाही.

"वाचा," ते म्हणाले.

मी सपाट आवाजात वाचू लागलो. "सभासदहो, आपलं मंडळ हे. नो, नो, स्ट्राइक दॅट. आपली संस्था सभासदांची आहे, शिकाऊंची नाही. खोकला. परवा आमच्या साहेबांनी आम्हाला तोंडावर सांगितलं, की तुझ्या जागी एखादी मुलगी असती तर हे टेबल जास्त नीटनेटकं राहिलं असतं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकावं लागलं. उद्या आमच्या खुर्च्यांवर त्या बसतील आणि त्यांना शिकवलेलं असेल आपणच, भिंतीपलीकडे. सबब, हा वर्ग दिवाळीपासून बंद करावा."

कोणी लिहीत नव्हतं. पेन्सिली बाकांवर पडल्या होत्या. मी वर पाहिलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आमच्या सभेत असे चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते, नेहमी भांग दिसायचे. त्या माणसाने महिन्यापूर्वी आम्हाला काय सांगितलं होतं ते आम्ही त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो. तो दुखावलेला होता, त्याने ते आमच्यापुढे उघड म्हटलं होतं, आणि आम्ही ते शब्दन् शब्द उतरवून घेऊन बिस्किटं खायला गेलो होतो.

"साहेब," खजिनदार म्हणाले, "टेबलाला काय झालं होतं?"

मंडळाच्या सभेत सभासदाने विचारलेला तो पहिला प्रश्न.

"काही नाही हो," अध्यक्ष म्हणाले. "शाई सांडली. त्यांच्याच कोपराने."

"आणि नाव तुमचं?"

"मग कोणाचं?"

एक जण हसला, मग सगळे हसले. अध्यक्षही जरासे. आपापल्या साहेबांनी सांडलेल्या शाया बऱ्याच जणांना आठवल्या. हसणं ओसरल्यावर अध्यक्ष उठले, अंगठा खिशात घातला आणि खिडकीकडे निघाले.

"'शिकाऊंची नाही' हे खोडा," ते बाहेर बघत म्हणाले. "आपण सगळे शिकाऊच होतो."

मी खोडलं.

"साहेबांचं आणि खुर्च्यांचं जे आहे, ते सगळं खोडा. ते आपल्यात राहू दे."

खोडलं.

"'बंद करावा' खोडा."

"खोडलं. आता ठरावात 'हा वर्ग दिवाळीपासून' एवढंच राहिलंय, साहेब. दिवाळीपासून काय?"

अध्यक्ष खिडकीशीच थांबले होते. उत्तर खजिनदारांनी दिलं. "दिवाळीपासून या मोठ्या खोलीत. त्या खुराड्यात मुली एकमेकींच्या कोपरावर लिहितात, माझी मेहुणी सांगते."

"अन् आपण कुठे बसायचं?" मागून एक जण कडाडला. "मी मुलुंडहून येतो. उभ्याने सभा करायची?"

"सभा तासभर उशिरा घेऊ."

"उशिरा? माझं रविवारचं मटण कोण आणणार, तू?"

मग जे सुरू झालं ते आवरेना. ज्यांचे आवाज मला माहीतच नव्हते ते लोक बोलत होते. मुलींनी नोकऱ्या कराव्या की नाही यावर दोघांची चांगलीच जुंपली, आणि ते दोघे एकाच चाळीत राहणारे निघाले. कोणी म्हणालं, कमी पगारावर मुली घेतात हा साहेबांचा दोष आहे, तिथे जाऊन बोला. अध्यक्ष एकेकाकडे वळून ऐकत होते. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ठरलं: आधी वर्ग, मोठ्या खोलीत, मग सभा, म्हणजे बाईंनाही सभेला येता येईल. हात वर करून मतं घेतली. मुलुंडवाल्यांनी विरोधात हात वर केला आणि आमचं एकमत पहिल्यांदा मोडलं.

भिंतीपलीकडे बाक सरकल्याचा आवाज झाला. मग दोन-चार मुली एकदम काहीतरी बोलल्या आणि बाईंचा आवाज आला, "चला, पुरे. वह्या काढा. डिअर सर."

संध्याकाळी मी नवं इतिवृत्त टाइप केलं. 'सखोल चर्चेनंतर'पाशी आलो आणि बहिणीकडे पाहिलं. ती बोटांवर तेल चोळत होती, वेग वाढतो म्हणून.

"ठेव," ती म्हणाली. "भिंतीपलीकडून ऐकलं आम्ही. मटणासकट."

अध्यक्ष मला पुढे एका शब्दाने काही बोलले नाहीत. मीच त्यांना एकदा गाठून म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी आगाऊपणा केला. मला फार वाईट वाटतं."

"चहा आधी आणवलास, ते बरोबर होतं," ते म्हणाले. "पण गारठ्याचं कारण वाईट. मी माझ्या साहेबाला डोकेदुखीचं देतो."

दिवाळी झाली, वर्ग मोठ्या खोलीत आला, आणि परीक्षेच्या तोंडावर बाईंनी अध्यक्षांना वर्गावर बोलावलं. "माझा आवाज मुलींना सवयीचा झालाय," त्या म्हणाल्या. "ऑफिसात त्यांना फेऱ्या मारणारा, खिडकीकडे तोंड करून पुटपुटणारा साहेब भेटणार आहे. त्याची सवय आत्ताच हवी." अध्यक्षांनी हे अपमान म्हणून घेतलं की मान म्हणून, मला कळलं नाही, पण दुसऱ्या रविवारी ते कोट घालून आले. मी सभेसाठी लवकर येऊन दाराशी उभा होतो. त्यांनी फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत एक लांबलचक पत्र सांगितलं, दोनदा "स्ट्राइक दॅट" केलं, आणि दमून मुलांच्या बाकावर बसले.

माझी बहीण उठली. "साहेब, वाचून दाखवू का?"

अध्यक्षांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "दाखव. खोकला वगळलास तरी चालेल."